काना

देवगडात, एस.टी. स्टँडच्या मागे आमचा छापखाना.
'सुबक छपाई' या पाटीतला उकार
खाऱ्या वाऱ्याने कधीच खाल्ला,
आता नुसती सबक छपाई.
मालक म्हणतात, असू दे गो, लोकांना कळतं.

कळतंच की.
जेटीवर 'बर्फ मीळेल' लिहिलंय, आणि बर्फ मिळतो.
पंचायतीने वेशीवर 'सहर्श स्वागत' केलंय,
आणि पाहुणे येतात, सुरमई खाऊन जातात.
शाळेच्या वर्धापनदिनाचं दैन्य
मी दरवर्षी फेडते, ते पुन्हा येतं.
सव्वीस वर्षं प्रुफं वाचते
आणि सव्वीस वर्षं हेच ऐकते :
अर्थ पोचला ना? मग झालं.

चुकलेला शब्द पकडणं सोपं.
भातातल्या खड्यासारखा तो दाताखाली येतोच.
कठीण असतो बरोबर शब्द,
नको त्या जागी
शहाण्यासारखा मांडी घालून बसलेला.

त्या वादळानंतरच्या शनिवारी
आमच्या साप्ताहिकात परत न आलेल्यांची यादी होती.
सात नावं.
वीज नव्हती, अंक उशिरा निघणार होता,
मेणबत्तीशी धरून मी ती दोनदा वाचली.
पाचव्या ओळीत : लवू विश्राम तरी.
तरी.
शब्दकोशातला शब्द.
डोळा अडखळला नाही.

तहसीलच्या कारकुनाने यादी आमच्या अंकावरून उतरवली.
ती जिल्ह्याला गेली, शिक्का घेऊन परत आली,
आणि गुणवंती तारीला सांगण्यात आलं
की बाई, बुडालाय तो वेगळाच कोणी.
पासबुकात तारी, रेशनकार्डात तारी,
यादीत तरी.
अकरा महिने ती मिठबावहून एस.टी.ने येत राहिली.
शेवटी शंभर रुपयांच्या कागदावर अंगठा उठवला :
'लवू तरी आणि लवू तारी ही एकच व्यक्ती असून
सदर व्यक्ती मयत आहे.'

मग एक दिवस छापखान्यात आली.
लिहिता-वाचता येत नाही तिला.
पण होडीच्या नाळेवर तो दरवर्षी नव्याने रंग काढायचा,
रंगाचा डबा ही धरायची,
आडनावाचा आकार तिला पाठ.
जुनं कात्रण टेबलावर ठेवून तिने
त आणि री यांच्या मधे बोट टेकवलं,
जिथे काहीच नव्हतं.
"हयली काठी खंय गेली गो?"

काना नाही म्हणाली. काठी.
लवूचा आजा खाडीत तर चालवायचा,
काठीने तळ चाचपत माणसं पार करायचा,
त्यावरून पडलेलं आडनाव.
देव तारी त्याला कोण मारी, आपण सहज म्हणतो.
देवाचं मला माहीत नाही.
ह्या खेपेला काम माझ्याकडे होतं,
एका उभ्या रेघेपुरतं.

पुढच्या अंकात चौकट टाकली.
पोराने टाइप केलं : 'शुद्धीपत्र'.
दुसरी वेलांटी मी पहिली केली.
एरवी हसले असते.
ती चौकट कोणी वाचली असेल
असं वाटत नाही.

आता नावं मी उलटी वाचते,
शेवटच्या अक्षराकडून पहिल्याकडे,
म्हणजे अर्थ मधे लुडबुडत नाही.
री. ता.
म. श्रा. वि.
पोरगा बघत राहतो. वाटत असेल, म्हातारीला लागलं वेड.

आणि काल शेजारच्या गॅरेजमधून शिडी मागून आणली.
पाटीवरच्या स ला खाली उकार काढला.
पाटी तांबडी, माझ्याकडे रंग निळाच होता,
होडीला लावतात तो.
मालक बाहेर येऊन बघत उभे राहिले.
म्हणाले, वेगळाच दिसतो गो.
म्हटलं,
दिसू दे.